फोटोत मिरची काळी दिसते

आधीच माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर तर मिरचीच्या देठांसारखं आहे, कुठं वाकडं, कुठं मधेच तुटलेलं. शाळा चौथीपर्यंतच झाली. त्यानंतर लिहायची वेळ आली ती सहीपुरती आणि किराण्याच्या यादीपुरती. हे लिहिलेलं कोणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागितल्याशिवाय सुरुवात करवत नाही. सवय आहे. कोणाच्या घरी गेले तर उंबरठ्यावर थांबून मी आधी पाय पुसते, पाय स्वच्छ असले तरी.

फाल्गुन लागला की नागपुरात आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत मिरची येते. बायका वर्षाचं तिखट करायला घेतात. गच्चीवर, कठड्यावर, जुन्या साड्यांवर मिरची पसरते आणि मग पिशव्यांतून माझ्याकडे येते, देठ काढायला. तुमचा हात चांगला चालते, असं म्हणतात. चालणार नाही तर काय. अंगठ्याच्या नखानं देठाची टोपी ढिली करायची, दोन बोटांनी देठ ओढायचा, मिरची फाटता कामा नये, बी सांडता कामा नये. पाढे विसरले, हे विसरले नाही. यंदाही पहिली पिशवी उघडली, पहिली शिंक आली आणि गावचा रस्ता समोर येऊन उभा राहिला. पण यंदा तो काळापांढरा आला. पूर्वी असं होत नव्हतं. पूर्वी तो लाल यायचा.

याला कारण तो फोटो. तळहाताएवढा होता, कडा नागमोडी कापलेल्या, आईच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी. आई गेल्यावर पेटी माझ्याकडे आली. मागच्या दिवाळीत माझ्या मोठ्या भावाची, दादाची, सून प्राजक्ता म्हणाली, आत्या, गावाकडचं काही जुनं असेल तर द्या ना, हॉलमध्ये लावायचं आहे. मी फोटो काढून दिला. तिनं तो सीताबर्डीला एका स्टुडिओत नेऊन दाराएवढा मोठा करून आणला. प्रताप नगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या वर तो टांगला आहे. तळहातावर होता तोवर त्यात काय आहे ते मलाही धड दिसत नव्हतं. मोठा झाला आणि सगळं दिसायला लागलं.

दोन्ही बाजूंना कवेलूची, म्हणजे कौलांची घरं. मधे रस्ता. टोकाला निंबाचं झाड आणि त्याखाली जू खाली टेकवून ठेवलेली एक बैलबंडी. रस्त्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत काहीतरी काळं पसरलेलं. त्या काळ्याच्या मधोमध मोकळ्या पट्ट्यात दादा उभा, पंधरा वर्षांचा, भांग पाडलेला, पांढरा शर्ट, एक हात नव्या सायकलीच्या हँडलवर. आणि डाव्या कडेला, फोटो जिथं संपतो तिथं, भिंतीला टेकून एक पोरगी. तिनं दंड तोंडावर आडवा धरला आहे. ती मी.

आमचं गाव भिवापूरच्या अंगाला. माघापासून चैत्रापर्यंत गावात रस्ता नसायचा, मिरची असायची. मिरचीचा व्यापार करणाऱ्या शेठचा सातरा आमच्या घरापुढंच भरायचा. सातरा म्हणजे मिरची वाळवायची, देठ खुडायचे, पांढरी पडलेली निवडून फेकायची आणि पोत्यात भरायची, ती जागा. बंड्या नाल्याकडून वळसा घालून जायच्या. माणसं भिंतीला अंग घासत चालायची. शहरातली माणसं असा रंगीत फोटो पाहून म्हणतात, जणू लाल गालिचा. गालिच्यावर बसून दिवसभर शिंका येत नाहीत. आम्ही पोत्यावर बसायचो, तोंडाला पदर नाही तर फडकं. दुपारी ऊन वर आलं की मिरचीची वाफ वर यायची आणि ओळीतल्या बायका एकामागून एक खोकायच्या. हातांची आग रात्रभर राहायची. आई ताकात हात बुडवून बसायची, मग मी त्याच ताकात माझे बुडवायची. त्या दिवसांत आई मला घास भरवत नव्हती, गालाला हात लावत नव्हती. माया नव्हती असं नाही. हात तसे होते.

आणि रडू आलं तर डोळे पुसायची सोय नव्हती. बोट डोळ्याला लागलं की संपलं. म्हणून आम्ही सगळी सातऱ्यावरची पोरं दंडानं डोळे पुसायचो. कोपर वर, दंड आडवा, तोंड आत.

आमच्याकडे पोरांची मिरची आईच्या टोपलीत जायची. पोरानं दिवसभर खुडली तरी संध्याकाळी ती आईच्या टोपलीत ओतायची, काट्यावर एकच टोपली चढायची, मजुरी आईच्या नावावर. पोरांचं वेगळं काही नसायचं. मी ज्याच्याबद्दल लिहिते आहे त्या हंगामात आईनं माझी टोपली वेगळी ठेवली. गावात असं कोणी केलं नव्हतं. शेठचा मुनीम काट्याशी बसून हसायचा. म्हणायचा, सरका बाप्पा, बेबी शेठाणी आल्या. माझं नाव बेबीच आहे. आता केस पांढरे झाले, रेशनकार्डावरही बेबीच आहे.

वेगळी टोपली ठेवण्याचं कारण असं होतं. गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवीची शाळा नाल्यापलीकडच्या गावात, जिथं दादा हायस्कूलला जायचा. पायी दीड तास. दादा पोरांबरोबर चालत जायचा, पण पोरीनं एवढं कसं जायचं. गुरुजींनी आईला बोलावून सांगितलं होतं की हिला घरी बसवू नका, हिचं डोकं चांगलं आहे. दोन दिवसांनी आईनं बाबांपुढे विषय काढला. सायकल घेऊ. पुढं तो, मागं ही. बाबांनी दादासाठी सायकलीचे पैसे जमवायला सुरुवात केलीच होती, पण कमी पडत होते. जे कमी पडत होते ते माझ्या टोपलीनं पुरे करायचे, असं ठरलं. बाबा मला म्हणाले, "आणि नाहीच जमलं जाणं, तर नोकरी लागल्यावर दादा तुले तुहे पैसे वापस देईन." दादा तिथंच जेवत होता. तो म्हणाला, "देईन नं. पहिल्या पगारात."

मी त्या वापसच्या गोष्टीकडे लक्षच दिलं नाही. जमणार नाही असं मला वाटतच नव्हतं.

तो हंगाम आठवतो तेव्हा मला आधी आग आठवत नाही, पाढे आठवतात. मी पाढे म्हणत खुडायची. सतराचा, एकोणिसाचा, जे अडायचे तेच मुद्दाम. ओळीतल्या बायका म्हणायच्या, पोरीले मिरची लागली डोक्यात. एखादी थांबून ऐकायची आणि म्हणायची, अजून एकदा म्हण वं. संध्याकाळी माझी टोपली काट्यावर चढायची. काटा झुकायचा तेव्हा मी मुनिमाकडे पाहत नव्हते, पारड्याकडे पाहायची. एवढं माझं. हे वजन दुसऱ्या कोणाच्या टोपलीत जाणार नाही. तशी खुशी मला नंतर लग्नात झाली नाही, पोरगा झाला तेव्हाही थोडी निराळीच होती.

चैत्र सरत आला तेव्हा शेठनं मजुरी चुकती केली आणि बाबा उमरेडहून सायकल घेऊन आले. काळी, चकचकीत, मागं कॅरिअर, कॅरिअरला स्प्रिंगची पट्टी. आईनं हळदकुंकू लावलं. अंगणात सायकल स्टँडवर उभी केली आणि मला म्हणाली, बस. मी बसले. कॅरिअर गार होतं. पट्टीनं फ्रॉक धरून ठेवला. दादानं पॅडल मारलं, मागचं चाक हवेत फिरायला लागलं आणि मला वाटलं आपण चाललो. आम्ही कुठंही गेलो नव्हतो. माझं त्या सायकलीवर बसणं तेवढंच.

पोरं संध्याकाळी निंबाखाली जमायची. दादा त्यांना सायकल दाखवायला घेऊन गेला. मी नळावर होते, मला सगळं ऐकू येत होतं. एकानं विचारलं, कॅरिअर कायले ठेवलं एवढं मोठं. दादानं सांगितलं, बेबीला शाळेत न्यायचं आहे. त्यावर ते हसले. "काय गा," एक म्हणाला, "बहिणीची बंडी हाकशीन का रोज?" दादाही हसला. त्या हसण्यानंच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात पाना घेऊन कॅरिअर सोडवत बसला होता. मी सातऱ्यावर बसले होते, चैत्राची शेवटची मिरची होती, हात भरलेले होते. तशीच उठून गेले.

"दादा, काहून काढून राहिला?"

"जड होते वं. उतारावर डगमगते."

"मंग मी कुठं बसू?"

"पाहू नं जूनमध्ये. आतापासून काहून रडून राहिली?"

मी आईकडे पाहिलं. आई ओळीत बसली होती. तिनं पाहिलं होतं, ऐकलंही होतं. तिनं मान खाली घातली आणि खुडत राहिली. बाबा घरात होते. ते बाहेर आले नाहीत. एका बोल्टचा प्रश्न होता. कोणीही उठून म्हणालं असतं, बसव परत, तर त्यानं बसवलं असतं. तो तसा वाईट नव्हता. तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

त्याच दिवशी शेठच्या नातवाचं जावळ होतं आणि उमरेडहून फोटोवाला आला होता. काम झाल्यावर बाबांनी त्याला हात जोडून म्हटलं, एक आमच्या पोराचा, नव्या सायकलीसोबत. त्यानं बायकांना उठवलं. मधली मिरची झाडून दादाला उभं राहायला जागा केली. पोती, टोपल्या, फडकी सगळं बाजूला सरकवलं. बायका घरांच्या सावलीत गेल्या, म्हणून फोटोत एकही बाई नाही. मी भिंतीपाशी उभी होते, जायचं राहून गेलं. डोळे वाहत होते आणि बोटं तिखट होती. दंड वर गेला. तेवढ्यात खटका वाजला.

महिन्याभरानं फोटो आला. गावात हातोहात फिरला. जो तो म्हणाला, पहा, बेबी कशी लाजली फोटोवाल्याले. तोवर मी लाजाळू नव्हते. भांडायची, झाडावर चढायची, गुरुजींनी विचारायच्या आत हात वर करायची. पण फोटोच होता. फोटोपुढे कोण काय बोलणार. एकदा नाव पडलं की तसं वागायला सोपं जातं, कोणी काही विचारत नाही. सासरी आले तेव्हा माझ्याआधी माझं लाजणं पोचलं होतं.

जून आला. दादा सायकलवर गेला. मी आईबरोबर निंदणाला गेले. गुरुजी एकदा बांधावर थांबून आईशी बोलले, पुढच्या वर्षी पाहू म्हणाली आई. पुढच्या वर्षी सातरा भरला तेव्हा माझी मिरची पुन्हा तिच्या टोपलीत गेली. मुनिमानं विचारलं, शेठाणी कुठं गेल्या, आणि मग त्यालाही त्यात मजा राहिली नाही.

कॅरिअर गोठ्यात खुंटीला टांगलेलं होतं. मग आईनं ते काढून न्हाणीत ठेवलं, त्यावर मातीचा माठ ठेवायची. बरोबर बसायचा. घर विकलं तेव्हा भंगारवाल्यानं ते इतर लोखंडाबरोबर काट्यावर टाकलं. मी तिथं होते. वजन भरलं फारसं नाही.

दादा मॅट्रिक झाला, पुढं शिकला, नागपुरात कचेरीत लागला. पहिल्या पगारात आईला साडी आणली, मला बांगड्या. पैशांचं म्हणाला, पुढच्या महिन्यात. मग त्याचं लग्न, मग माझं. दर भाऊबीजेला तो मला साडी घेतो, चांगली घेतो. साडी हातात घेतल्यावर माणसाला काही बोलता येत नाही. मी किती भाऊबीजा तशा गप्प काढल्या.

या माघात दादाच्या नातवाचं बारसं झालं. प्रताप नगरला पन्नासेक माणसं. मी स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होते, वहिनीनं ओढून हॉलमध्ये आणलं, म्हणाली, बसा हो आता. फोटोखालीच जागा होती. पाहुणे फोटो पाहत होते. एकानं विचारलं, "हे रस्त्यावर काळं काय आहे जी?" दुसरा म्हणाला, निंबाची सावली असेल. तिसऱ्याला ते शेण वाटलं. दादानं सांगितलं, मिरची आहे, आमच्याकडं रस्त्यावरच वाळायची. "काळी?" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. किती शांत गाव होतं, किती स्वच्छ, असं एक बाई म्हणाल्या. मला त्या उठवलेल्या बायका आठवल्या.

मग दादा सायकलीचं सांगायला लागला. तो छान सांगतो, माणसं ऐकत राहतात. वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन सायकल घेऊन दिली, त्या सायकलीनं मला माणसात आणलं, तिच्यावर बसूनच मी इथवर पोचलो. त्याच्या डोळ्यात पाणी आलं. ते खोटं नव्हतं. तो हे इतकी वर्षं सांगत आला आहे की त्याला आता तसंच आठवत असणार. शेवटी त्यानं फोटोच्या कडेला बोट दाखवलं. "अन् ही आमची बेबी. लहानपणापासून अशीच. फोटोवाल्याले पाहून तोंड लपवलं."

सगळे माझ्याकडे वळून हसले, मायेनं. मीही हसणार होते. तोंड तयार झालं होतं. पण नजर फोटोवर गेली, दाराएवढ्या, आणि सायकलीच्या मागच्या चाकावर, जिथं काही नव्हतं. मडगार्डच्या बाजूला सुटलेली एक पट्टी लोंबत होती. लहान फोटोत ती दिसत नव्हती.

"दादा," मी म्हटलं, "याचं कॅरिअर कुठं हाये?"

आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. दादा म्हणाला, "कॅरिअर कसलं वं?" एक पाहुणे समजुतीनं म्हणाले, तेव्हाच्या काही सायकलींना नसायचं. मी म्हटलं, "होतं. मी बसणार होती त्याच्यावर. माह्या टोपलीचे पैसे होते त्याच्यात."

एवढंच. पाहुण्यांना काही समजलं नाही, टोपली कसली आणि पैसे कसले. दादाला समजलं. त्याचा चेहरा एका क्षणात पंधरा वर्षांचा झाला. मी वाट पाहिली. तो फक्त हो म्हणाला असता तरी मला पुरलं असतं. वहिनीनं जिलबीचं ताट पुढं केलं आणि बाळाला पाहायला सगळे उठले.

परवा दादा आला. एकटाच. जिना चढून दम लागला होता. मी सतरंजीवर मिरची घेऊन बसले होते, त्याच्यासाठी एक कोपरा मोकळा केला. पाणी दिलं. त्याच्या काखेत कागदाची गुंडाळी होती. त्यानं ती उलगडून माझ्यासमोर धरली. तोच रस्ता, पण रंगीत. स्टुडिओतल्या पोरानं कॉम्प्युटरवर रंगवला म्हणाला. आकाश निळं, निंब हिरवा. मिरची लाल केली होती, कुंकवासारखी. भिवापुरी मिरचीचा लाल असा नसतो, पण ते त्या पोराला कसं ठाऊक असणार. दादाचा शर्ट आकाशी झाला होता. आणि सायकलीला मागं कॅरिअर होतं.

"पाह्य," दादा म्हणाला. "बसवलं का नाई?"

बसवलं होतं. स्प्रिंगच्या पट्टीसकट. मागून लावलंय हे कोणाच्या बापाला कळलं नसतं. ती लोंबणारी पट्टीही नाहीशी झाली होती. मी कडेला पाहिलं. पोरगी तिथंच होती, फ्रॉक गुलाबी, दंड तोंडावर. आता सायकलीला कॅरिअर आहे म्हटल्यावर तिला रडायला कारणच उरलं नव्हतं. आता ती खरंच लाजलेली दिसत होती.

मी विचारलं, जुना फोटो कुठं आहे, तो लहान. स्टुडिओवाल्याकडंच राहिला असेल, विचारून पाहतो, म्हणाला. भिंतीवरचा काढून हाच लावायचा आहे.

मग त्यानं खिशातून पाकीट काढलं. त्याच्या मुलानं हिशोब करून दिला होता, तेव्हापासूनचं व्याज धरून. "बाबा बोलले होते, नाई जमलं तर वापस देजो. हे घे. आता माह्यावर काही नाई." बोलता बोलता त्यानं सतरंजीवरची एक मिरची उचलून बोटांत फिरवली होती, उगाच, हाताला चाळा म्हणून. पाकीट पुढं करून त्यानं डोळा चोळला. मी नको नको म्हणेपर्यंत बोट लागलं होतं. तो कळवळला. मी म्हटलं, "हात लावू नको. दंडानं पूस." त्यानं कोपर वर केलं, दंड तोंडावर आडवा धरला आणि तसाच माझ्या खोलीत उभा राहिला, खांदे हलत होते. दारातून कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, भाऊ बहिणीपुढं रडला. मिरची होती.

थोड्या वेळानं लाल डोळे घेऊन तो खाली बसला. मोजून घे वं, म्हणाला. मी उठले, ताकानं हात धुतले, पदराला पुसले आणि त्याच्यासमोर मोजले. पूर्ण होते.